दीपमालाचं मशीन

दीपमाला वारली त्याला सहा महिने होत आले होते, आणि एप्रिलमधल्या एका दुपारी पौर्णिमाला तिचा ईमेल आला.

पुण्याच्या संशोधन संस्थेत जेवणाची सुट्टी नुकतीच संपली होती. बाहेर माळी गवतावर पाइप फिरवत होता. विषयाच्या जागी आकाशातल्या एका ठिकाणाचे आकडे होते, आत एक आलेख होता आणि आलेखाखाली एकच ओळ: "पौर्णिमे, पाह्य याले. च्या मांड, येऊनच राह्यली मी."

पौर्णिमाने पहिल्यांदा काय केलं असेल, तर मान वळवून दाराकडे पाहिलं. दारात कोणी नव्हतं. मग पाठवणाऱ्याचं नाव पुन्हा वाचलं. दीपमालाचंच होतं, तिच्याच पत्त्यावरून.

दोघी वर्ध्याच्या. पौर्णिमाचं घर बोरगाव मेघेला, दीपमालाचं नालवाडीला. वर्ध्यात असताना एकमेकींना ओळखतही नव्हत्या, आणि पुण्यात मात्र एका खोलीत समोरासमोरच्या टेबलांवर बसून सात वर्षं काढली. संस्थेत चारचौघांत पुस्तकी मराठी आणि इंग्रजी, पण दोघीच असल्या की थेट वऱ्हाडी. दिवाळीला दीपमाला घरी गेली आणि करंज्या लाटता लाटता डोकं धरून खाली बसली. मेंदूतली रक्तवाहिनी फुटली होती. नागपूरला नेईपर्यंत सगळं संपलं होतं.

पौर्णिमाला वाटलं, कोणीतरी तिचं खातं उघडून चेष्टा करतंय. पण अशी चेष्टा करील कोण? आठवड्याने दुसरा ईमेल आला. नवा आलेख, खाली ओळ: "थकली काय एवढ्यात?" त्यानंतर तिसरा: "केस बांध आधी, मंग पाह्य."

आलेख बघताना केसांची बट चावायची पौर्णिमाला सवय होती, आणि दीपमाला त्यावरून सारखी बोलायची. तो ईमेल उघडला तेव्हा पौर्णिमाचे केस मोकळे होते. भर दुपारी, पंख्याखाली, तिच्या अंगावर काटा आला. तिने आधी केस बांधले. मग आलेख पाहिला.

आलेख खोटे नव्हते. दोघींचं कामच ते होतं. फार फार दूर, विश्वाच्या जवळजवळ कडेला, क्वेसार नावाच्या अतितेजस्वी ज्योती आहेत. त्यांचा उजेड आपल्याकडे यायला निघाला तेव्हा पृथ्वी नव्हती, सूर्यही नव्हता. वाटेत तो उजेड कोवळ्या, नुकत्या जमू लागलेल्या दीर्घिकांच्या वायूतून पार होतो. त्या दीर्घिका इतक्या मंद, की कुठल्याही दुर्बिणीला दिसत नाहीत. पण त्यांचा वायू उजेडातले ठरावीक रंग गिळून टाकतो. उजेड पसरून त्याचा वर्णपट काढला की गिळलेल्या रंगांच्या जागी काळ्या रेषा दिसतात, आणि त्यावरून सांगता येतं की वाटेत कोणी होतं, त्याच्यात काय काय होतं. हायड्रोजन सुरुवातीपासूनचा. कार्बन, ऑक्सिजन, लोखंड हे मात्र ताऱ्यांच्या पोटात शिजतात आणि तारा मेला की बाहेर पडतात. दीपमालाला असा वायू हवा होता, ज्याच्यात हायड्रोजनची रेषा ठळक असेल आणि बाकीच्या जागा कोऱ्या. म्हणजे जिथे एकही तारा कधी जन्मला नाही, की मेला नाही. "कोनाचा हात न लागलेलं," असं ती म्हणायची. सात वर्षांत तिला ते मिळालं नव्हतं.

पौर्णिमाने दीपमालाच्या भावाला, मुकेशला फोन लावला.

"मुकेश, दीपूनं घरी एक कंप्युटरचं मशीन जोडलं होतं ना रे? लॉकडाऊनमधी, नागपूरच्या सीताबर्डीहून सामान आणून. ते कुठं हाय?"

"हाय तिथंच, ताई. तिच्या खोलीत. चालू हाय."

"चालू हाय?"

"आई बंद करू देत नाई ना. लाइन गेली का इन्व्हर्टर लावते. मशीनले गरम होते म्हनून तिथं कूलर लावला, अन् सोता बाहेर उकाड्यात झोपते. तुम्ही या ना एकदा. तुमचं ऐकन आई."

मे महिन्यात पौर्णिमा वर्ध्याला गेली. बोरगाव मेघेच्या घरी बॅग टाकली, आंघोळ केली आणि भर उन्हातच निघाली. तिचे वडील भैयाजी पाठीमागून ओरडले, "अवं, डोकस्याले दुपट्टा तरी बांधून जाजो!"

नालवाडीच्या त्या घरात ती तेराव्यानंतर पहिल्यांदाच येत होती. अंगणात चिटपाखरू नव्हतं. मुकेश ओट्यावरच बसला होता, आंजीच्या शेतावरून येऊन नुकताच टेकला असावा. त्याने आत बोट दाखवलं. खोलीच्या दाराशी दीपमालाच्या चपला होत्या, पुसून ठेवलेल्या. आत खिडकीवर गोणपाट टांगून अंधार केलेला, आणि त्या अंधारात कूलरच्या आवाजाखाली मशीनची बारीक घरघर. माणूस शेजारी बसून श्वास घेत असल्यासारखी. खुर्ची थोडी मागे सरकवलेली. कोणी पाणी प्यायला उठावं आणि आत्ता परत यावं, अशी.

पडद्यावर एका क्वेसारचा वर्णपट होता आणि त्याखाली बटण दाबायची वाट बघणारी एक छोटी पट्टी लुकलुकत होती.

पौर्णिमा कितीतरी वेळ उभ्या उभ्या तिच्याकडे बघत राहिली. तिला दीपमालाने लिहिलेल्या संगणकाच्या कार्यक्रमाची रचना आठवली. नवे वर्णपट आपोआप उतरवून घ्यायचे, एकेक पडद्यावर आणायचा, आणि थांबायचं. दीपमालाचा यंत्रावर पुरता भरवसा नव्हता. प्रत्येक आलेखावरून माणसाची नजर गेलीच पाहिजे, असा तिचा हट्ट होता. नजर टाकून झाली की कीबोर्डवरचं मोठं बटण दाबायचं, तेव्हा मशीन हिशेब करणार, संशय आला तर पौर्णिमाला ईमेल पाठवणार, आणि पुढचा आलेख आणणार. ईमेलखालच्या ओळी तिने कधीतरी गंमत म्हणून आत भरून ठेवल्या असणार. तेवढ्याने ओळींचा उलगडा झाला. पण बटण दाबल्याशिवाय मशीन पुढे सरकत नव्हतं. आणि दीपमाला गेल्यावरही ते सरकत होतं.

"मुकेश, इथं कोन बसते?"

"कोनी नाई."

"तू हात लावतं काय याले?"

"मी? मी त या खोलीत पायबी ठेवत नाई, ताई." तो दाराबाहेरच उभा होता. "आई दुपारी खोली झाडाले येते. आत बोलत राह्यते कायतरी. मी नाई पाह्यत."

इतक्यात मागच्या दाराने दीपमालाची आई, लीलाबाई आल्या. पदराला ओले हात पुसले, पौर्णिमाकडे बघून हसल्या, ती रोजच येत असल्यासारख्या. "आली काय वं पोरी? बस." आणि स्वतः खुर्चीत बसल्या. चष्मा लावला, तोंड पडद्याच्या जवळ नेलं, आणि आलेखावरून डोळे सावकाश डावीकडून उजवीकडे नेले. डाळीतले खडे बघावेत, तसे. मग मोठं बटण दाबलं. नवा आलेख आला.

"काकू," पौर्णिमा पुढे झाली. "हे तुम्ही करता?"

"मंग कोन करन?" लीलाबाईंनी चष्मा वर सरकवला. "दीपू असंच करे. पाह्ये, पाह्ये, अन् हे मोठं बटन दाबे. तिले नेलं त्या दिवशी हे चित्र असंच उघडं होतं. पंधरा दिवस मी पाह्यलं, तेच चित्र. मले वाटलं, कोनी पुढं नेलं नाई त हे इथंच अडकून राह्यन. मंग मी दाबलं. दुसरं आलं."

"कळते काय तुम्हाले त्यातलं?"

"मले काय कळते? पन पाह्यल्याबिगर नाई दाबत मी. ते नाई दाबे पाह्यल्याबिगर."

पौर्णिमा पलंगाच्या कडेला बसली. तिने मग लीलाबाईंना जमेल तसं सगळं सांगितलं. उजेड, वाटेतला वायू, काळ्या रेषा. लीलाबाईंनी शेवटी एवढंच विचारलं, "म्हंजे थे सोता दिसत नाई?"

"नाई. उजेडातलं जेवढं नाईसं होते, तेवढंच दिसते."

"अन् आता हाय काय थे तिथं?"

"ते सांगता येत नाई, काकू. उजेड तिथून निघाला तवा होतं."

लीलाबाईंनी मान डोलावली, आलेखावरून नजर फिरवली आणि पुन्हा ते मोठं बटण दाबलं.

पुढे पौर्णिमाने जे केलं, ते करावं की नाही याचा तिने विचारच केला नाही. तिने फोन काढला आणि पहिला ईमेल लीलाबाईंसमोर धरला. लीलाबाईंनी ती ओळ वाचली, ओठ हलवत, पुन्हा एकदा वाचली. त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं नाही. त्या उठल्या, स्वयंपाकघरात गेल्या. गॅस पेटल्याचा आवाज आला. थोड्या वेळाने ट्रे घेऊन आल्या. त्यावर चार कप होते. एक पौर्णिमाला दिला, एक मुकेशला दाराबाहेर नेऊन दिला, एक स्वतःला घेतला, आणि चौथा मशीनशेजारी ठेवून त्यावर बशी झाकली.



निघताना मुकेशने तिला फाटकाशी गाठलं. "ताई, हे बरं नाई केलं तुम्ही. मी तुम्हाले कायले बोलावलं होतं? आई लग्नाले येत नाई, आंजीले येत नाई. दुपार झाली का तिथं बसते. तुम्ही सांगाचं होतं, काम झालं म्हना, बंद करा. तुमचं ऐकलं असतं तिनं. अन् तुम्ही तिले पत्र दाखवता मेलेल्या पोरीचं!"

तो खरं बोलत होता.

दुसऱ्या दिवशी ती पुन्हा गेली, या वेळी ठरवून. लीलाबाईंच्या शेजारी स्टूल ओढून बसली. "काकू, ऐका. त्या ओळी दीपूनं आधीच लिहून ठेवल्या होत्या मशीनमधी. मशीनच पाठवते त्या. दीपू नाई पाठवत."

"मले समजते," लीलाबाई शांतपणे म्हणाल्या. "येडी नाई मी. पन तिनं लिवल्या तवा ते जिती होती ना?"

"होती."

"मंग?"

फाटकाशी मुकेश बोलला होता ते आठवून पौर्णिमाने तरीही विचारलं, "मी पुण्याले घेऊन जाऊ काय हे मशीन? तिथं काम लवकर होईन."

"अजून किती चित्रं हायेत?"

"लय हायेत. तुमच्याच्यानं नाई होनार."

"माझ्याच्यानं होईन तेवढे होईन. बाकीचे तू कर तुझ्या मशीनवर. हे राहू दे."

पौर्णिमाने कार्यक्रमाची एक प्रत करून घेतली. आत कुठेतरी त्या ओळी होत्या, उघडून एका दमात सगळ्या वाचता आल्या असत्या. तिने उघडल्या नाहीत. पुण्यातल्या प्रतीतून ओळी पाठवायचा भाग न बघताच काढून टाकला, आणि आपण तो का काढतोय हे कोणाला सांगितलं नाही.

ईमेल येत राहिले. पौर्णिमा आता घाबरायची नाही, पण वाट बघायला लागली होती, आणि ते जास्त वाईट होतं. दुपार कलली की तिचं कामातलं लक्ष उडायचं. ओळ आली की ती आधी ओळ वाचायची आणि आलेख कितीतरी वेळाने. ऑगस्टमध्ये ईमेल अचानक थांबले. चार दिवस, आठवडा, दोन आठवडे. एका दुपारी समोरच्या रिकाम्या टेबलाकडे बघताना ती हुंदके देऊन रडली, दिवाळीत रडली नव्हती इतकी. मग डोळे पुसून नालवाडीला फोन केला.

"मोतीबिंदूचं आपरेशन झालं मायं," लीलाबाई म्हणाल्या. "डाक्टरनं स्क्रीन पाहू नोका म्हनलं. तू कायले रडून राह्यली?"

दरम्यान पहिला ईमेल, तो चहाचा, खरा ठरला होता. बाकीचे बहुतेक फसवे निघाले, पण त्या एका वर्णपटात हायड्रोजनची रेषा विहिरीसारखी खोल होती आणि कार्बन-ऑक्सिजनच्या जागा कोऱ्या दिसत होत्या. बारा अब्ज वर्षांपूर्वीचा वायू. पण आलेख भरड होता, भरड आलेखात बारीक रेषा बुजून जाते. पौर्णिमाने चिलीतल्या मोठ्या दुर्बिणीवर वेळ मागितला. अर्जात दीपमालाचं नाव पहिलं ठेवलं. वेळ मिळाला, आणि जानेवारीत बारीक वर्णपट हाती आला.

सकाळची उन्हं टेबलावर आली होती. पौर्णिमाने आलेख ताणून मोठा केला. ऑक्सिजनच्या जागी काही नाही. लोखंडाच्या जागी काही नाही. कार्बनच्या जागी मात्र उजेड किंचित खचला होता. इतका किंचित की आधी तिला तो मोजणीतला कचरा वाटला. तिने तीन वेगवेगळ्या रीतींनी तपासलं. संध्याकाळपर्यंत शंका उरली नाही. रेषा होती. फिकट, पण होती.

कोणाचा हात न लागलेलं असं ते नव्हतं. एखादा तारा तिथे आधीच जळून गेला होता, अगदी पहिल्यांपैकी, आणि चिमूटभर कार्बन मागे ठेवून गेला होता. असा वायू फार थोड्यांना सापडलाय. वरिष्ठ तिला अभिनंदन म्हणून गेले, कोणी पेढे आणायचे म्हणालं. पौर्णिमा खुर्चीत बसून राहिली. दीपमालाला हे सांगायचं होतं. ती आधी चिडली असती, टेबलावर हात आपटला असता, आणि मग रात्रभर त्या ताऱ्याबद्दल बोलली असती.

फोनवर सांगण्यासारखं ते नव्हतं. फेब्रुवारीत ती वर्ध्याला गेली, तर लीलाबाई घरी नव्हत्या. शेजारणीने सांगितलं, मुकेशने त्यांना आंजीला नेलंय, चना सोंगणं चालू आहे. पौर्णिमा आंजीला गेली. शेताच्या बांधावर, बाभळीच्या सावलीत, लीलाबाई हरभऱ्याच्या हिरव्या घाट्यांची जुडी मांडीवर घेऊन बसल्या होत्या. काळा चष्मा लावला होता. मुकेश मजुरांबरोबर पलीकडे होता, तिला बघून जवळ आला.

पौर्णिमाने सांगितलं. सोप्या शब्दांत सांगायला तिने गाडीत किती जुळवाजुळव केली होती, पण इथे ते आपसूक सोपं झालं. "काकू, दीपूले जे पाह्यजे होतं, ते नाई निघालं. तिले कोरं पाह्यजे होतं. इथं आधीच एक तारा होऊन गेलता. त्याची राख तेवढी हाय."

लीलाबाईंनी घाटा सोलता सोलता हात थांबवला. "एकच?"

"तसंच दिसते. एखादा. जास्त असते त राखबी जास्त असती."

"आता तो नाई?"

"नाई."

"त्याले कोनी पाह्यलं होतं काय, होता तवा?"

"पाह्याले कोनी नव्हतंच, काकू. कोनीच नव्हतं तवा."

शेतात विळे चालल्याचा आवाज येत होता. मुकेशने घसा साफ केला. "ताई, अशा गोष्टीले नाव देतात ना? दीपूचं नाव देता येईन काय? मायाकडं तिचं काईच नाई, ते मशीन सोडलं त."

पौर्णिमाने तेच मनात धरलं होतं. "कागदावर आकडेच राह्यतात. पन आमच्यात बोलताना नाव पडू शकते. मी पाडीन."

"नोको," लीलाबाई म्हणाल्या.

दोघंही त्यांच्याकडे बघायला लागले.

"तिथं कोनीतरी मरून गेलं म्हनते ना तू? एकटं, कोनी नसताना." त्यांचा आवाज चढला नव्हता, पण हातातला घाटा चुरगळला होता. "माई पोरगी माया मांडीवर गेली. तिचं नाव तिथं नोको ठेवू. तिथं ज्याचं हाय त्याचं राहू दे."

मुकेश खाली बसला, आईच्या पायाशी, आणि ढेकूळ हातात घेऊन फोडत राहिला. त्या दिवाळीनंतर दुसरी दिवाळीही होऊन गेली होती, त्या दिवसाबद्दल तिघं एकत्र असताना कोणी पहिल्यांदाच बोललं होतं. पौर्णिमाला वाटलं, आता लीलाबाई रडतील. त्या रडल्या नाहीत. त्यांनी ओंजळभर सोललेले हरभरे पौर्णिमाच्या पदरात टाकले.

"खा. कोवळे हाय."

ऊन उतरायला लागलं तसा मुकेश गाडी काढायला उठला. लीलाबाईंनी चष्मा काढून पदराने पुसला. "मले घरी सोडजो आधी," त्या त्याला म्हणाल्या, "बसाचं हाय मले जरासं."

मुकेशने पौर्णिमाकडे पाहिलं. ती काहीतरी बोलेल, अशी वाट त्याने पाहिली असावी. पौर्णिमा बोलली नाही. त्याने गाडीला किक मारली, आईला नीट बसवलं, आणि म्हणाला, "चाल. आज मीबी येतो तुह्यासंगं त्या खोलीत. दाखवजो मले कसं पाह्यतात ते."